राखण आणि लकाकी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालविणारी एक जुनी पेढी आहे. पेढीच्या मालकांना सारा बाजार अण्णा म्हणतो. २०१३ च्या दसऱ्याला अण्णांनी गर्द निळ्या रंगाची मोटार घेतली. पेढीवर त्याआधी दुचाकी होत्या, माल वाहणारा टेम्पो होता. पण घरच्या माणसांसाठी म्हणून घेतलेली ही पहिलीच गाडी. पुढे घरात आजारपण आले. आठवड्यातून दोन वेळा पत्नीला उपचारांसाठी मिरजेला न्यावे लागे. चार वर्षे अण्णांनी ही फेरी स्वतः केली. ड्रायव्हर ठेवा म्हणून मुलाने सांगून पाहिले, पण त्यांनी ऐकले नाही. त्या माउली गेल्या, आणि फेऱ्या थांबल्या. गाडी मात्र दारात उभी राहिली.

दोन वर्षांपूर्वी मुलगा पुण्याची नोकरी सोडून पेढीवर आला. बापलेकांचे बाजारातल्या गोष्टींवर फारसे जमेना. मुलाला हिशेब संगणकावर हवे होते, अण्णांना रोजकीर्द हाताने लिहिल्याशिवाय दिवस संपला असे वाटत नसे. त्यातच मुलाने एकदा गाडी विकण्याचा विषय काढला. अण्णा एवढेच म्हणाले, "चालते आहे ना?" विषय तिथेच संपला. सूनबाईंनी नंतर नवऱ्याला समजावले, की हा विषय पुन्हा काढू नका. मुलाला ते कळत नव्हते असे नाही. पण कळूनही बोलता येऊ नये, अशी काही वर्षे घराघरांत येतात.

गाडीची निगा अण्णा आपल्या परीने राखत होते. दरवर्षी दिवाळीपूर्वी वॉशिंग सेंटरचा माणूस बोलावून ते तिला 'पॉलिश' करून घेत. वहीपूजनाच्या दिवशी पेढीसमोर उभी असलेली गाडी आरशासारखी लखलखे, आणि शेजारचे अडते तिचे कौतुक करत. संक्रांतीपर्यंत ती पुन्हा निस्तेज होई. उन्हात पाहिले, तर बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल बारीक रेषा दिसत. पुढच्या दिवाळीला पुन्हा पॉलिश. अशा दहा दिवाळ्या गेल्या. मग एके दिवशी टपावर तळहाताएवढा पांढुरका डाग उमटला. तो धुऊन जाईना, पुसूनही जाईना.

मुलाने गाडी एका अनुभवी रंगकाम करणाऱ्याकडे नेली. अण्णाही बरोबर गेले. त्या कारागिराकडे रंगाची जाडी मोजणारे एक लहानसे यंत्र होते. त्याने ते मागच्या दारावर टेकवले. आकडा आला ११६ मायक्रॉन. बॉनेटवर आला ८८. टपावर डागाच्या कडेला ७९. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, हे सांगून तो म्हणाला, "साहेब, गाडीचा सगळा रंग म्हणजे दीड केसाएवढा. त्यात सर्वांत वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, तो चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. ऊन अडवायचं काम तोच करतो. तुमच्या टपावरचा जवळजवळ संपलाय."

"कशानं संपला?" अण्णांनी विचारले.

"पॉलिशनं," तो म्हणाला. "पॉलिशच्या नावाखाली दरसाल कंपाउंड मारलंय. कंपाउंड म्हणजे बारीक खरवड. ओरखडे दिसेनासे होतात, कारण ओरखड्यांच्या भोवतीचा थरच घासून खाली आणलेला असतो."

मुलाला वाटले, अण्णा आता वाद घालतील. पण ते गप्प राहिले. हळदीच्या व्यापाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. शिजवून वाळविलेले हळकुंड खडबडीत आणि मळकट असते. ते ड्रममध्ये घालून फिरवले, की हळकुंडे एकमेकांवर घासतात, वरची साल झडते आणि पिवळी लकाकी येते. पण भरलेल्या वजनाएवढे वजन बाहेर निघत नाही. पॉलिश म्हणजे घट, हे यार्डातला हमालही जाणतो. म्हणून तर जाणता खरेदीदार नुसत्या लकाकीला भुलत नाही. हळकुंड मोडून आतला रंग पाहतो. आणि म्हणूनच एकदा पॉलिश केलेला माल कोणी दरवर्षी पुन्हा ड्रममध्ये घालत नाही. तो जपून साठवायचा असतो. हरिपूरच्या मातीत खोल पेवे खणून, त्यांत हळद भरून, तोंडे बंद करून ती वर्षानुवर्षे टिकविण्याची रीत ज्या गावाने पाळली, त्या गावच्या अडत्याने आपल्या गाडीच्या बाबतीत पॉलिश आणि साठवण यांची गल्लत केली होती. परतताना अण्णा एवढेच म्हणाले, "दहा वर्षं पैसे देऊन घट विकत घेतली की रे."

रंगाला घासण्याचे काम निराळे आणि त्यावर राखण घालण्याचे काम निराळे. राखण करणारी द्रव्ये ढोबळमानाने दोन प्रकारची: एक मेण, दुसरा कृत्रिम लेप, ज्याला बाजारात सीलंट म्हणतात. दोन्ही रंगाला खरवडत नाहीत. दोन्ही त्यावर अतिशय पातळ थर चढवतात. ऊन, धूळ, पक्ष्यांची विष्ठा, विंधनविहिरीच्या जड पाण्याचे डाग, गाळपाच्या हंगामात उसाच्या चिपाडाची उडून येणारी काजळी, या साऱ्यांचा पहिला मार तो थर सोसतो. झिजायचे ते त्याने झिजावे, रंगाने नव्हे, एवढाच त्याचा हेतू. मुलाने पुण्याला गेल्यावर परदेशी बनावटीच्या मेणाचा एक डबा आणला. किंमत चांगलीच होती. गाडी विकण्याचा विषय काढल्याची एक प्रकारची भरपाईही त्यात असावी.

अण्णांनी डबा हातात घेतला आणि सवयीप्रमाणे भिंग लावून त्यावरचा बारीक मजकूर वाचू लागले. कोणताही माल आत काय आहे हे पाहिल्याशिवाय घ्यायचा नाही, ही पेढीची शिस्त. घटकांच्या यादीत दुसऱ्याच ओळीत 'बीजवॅक्स' हा शब्द होता.

"हे मधमाशीचं मेण," अण्णा म्हणाले आणि डबा टेबलावर ठेवला.

"अण्णा, ते खायचं नाहीये. पत्र्याला लावायचंय."

"खाण्याचं बोलत नाही मी. आपण घेतलं, म्हणजे कुणीतरी आपल्यासाठी पोळं पिळलं."

"आता पेट्यांमध्ये मधमाश्या पाळतात. पूर्वीसारखा धूर करून पोळी तोडत नाहीत. महाबळेश्वरला जाऊन बघा एकदा."

"असेल. ते लोक जपून करतही असतील. पण या डब्यातलं मेण कुठल्या पोळ्यातलं, हे डब्यावर लिहिलंय का?"

मुलाजवळ याचे उत्तर नव्हते. तो चिडून उठला. श्रावकाच्या मूलगुणांत मद्य आणि मांसाच्या जोडीने मधाचा त्याग सांगितला आहे, हे त्याला लहानपणापासून माहीत होते. पणजोबांनी मध आणि लाख यांचा व्यापार कधी केला नाही, ही कथाही त्याने शंभरदा ऐकली होती. परंतु गाडीच्या पत्र्यापर्यंत हा नियम ताणणे त्याला हट्टाचे वाटले. दोन दिवस बापलेक कामापुरतेच बोलले.

तिसऱ्या दिवशी मुलगा स्वतःहून या विषयाच्या मागे लागला. आधी कदाचित अण्णांना खोडून काढण्यासाठी, पण वाचता वाचता त्याचे मन बदलत गेले. आपल्या भाषेत 'मेण' हा एकच शब्द तीन अगदी निराळ्या वस्तूंना चालतो, हे त्याच्या प्रथमच ध्यानात आले. एक मधमाशीचे. कामकरी माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून ते बारीक पापुद्र्यांच्या रूपाने स्रवते, आणि ते तयार होण्यासाठी तिला त्याच्या कितीतरी पट मध खर्ची घालावा लागतो. दुसरे खनिज तेलातले, पॅराफिन. नेहमीच्या मेणबत्त्या बहुधा त्याच्याच असतात. तिसरे वनस्पतीचे. मोटारीच्या जगात ज्याचे नाव सर्वांत मोठे, ते कार्नोबा मेण हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानांवरचे असते. तिथल्या कोरड्या हवेत पाण्याची वाफ होऊ नये म्हणून ते झाड पानांवर मेणाचा लेप धरते. पाने कापून वाळवतात, झोडतात, आणि मेण भुकटीसारखे गळते. झाड मरत नाही; त्याला पुन्हा पाने फुटतात.

हे कार्नोबा ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते, तर मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांनाच. पण कार्नोबा नुसते लावावे म्हटले तर ते दगडासारखे कठीण. म्हणून ते हाताने पसरता यावे यासाठी त्यात तेले, द्रावके आणि पुष्कळदा मधमाशीचे मेण मिसळतात. काही डब्यांत ते नसते, पण ज्याच्यावर घटक छापलेले नाहीत त्याच्याबद्दल विचारल्याखेरीज कळत नाही. मुलाने हे सारे अण्णांना सांगितले; आणि त्या मेणाच्या बागांतून काम करणाऱ्या मजुरांच्या हलाखीच्या बातम्याही जगात गाजल्या होत्या, हेही सांगितले.

"मग ते सीलंट कशाचं?" अण्णांनी विचारले.

"पॉलिमरचं. कारखान्यातलं. मूळ शेवटी खनिज तेलच."

अण्णा थोडा वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, "म्हणजे निर्दोष असं काहीच नाही. गाडीच मुळात निर्दोष नाही. पण ज्यात कमी आरंभ, ते निवडावं. वारंवार कमी करावं लागेल ते कोणतं?"

प्रश्न अचूक होता, आणि त्याचे उत्तर गुणांच्या तुलनेतच होते. मेणाची लकाकी उबदार आणि खोल असते. गर्द रंगावर ती फार शोभते, आणि म्हणून हौशी लोक प्रदर्शनाच्या गाड्यांवर आजही मेणच पसंत करतात. ते लावायला सोपे, चूक झाली तरी पुसता येते. पण ते टिकते जेमतेम सहा-आठ आठवडे, फार तर तीन महिने. उन्हाळ्यात गर्द रंगाचा पत्रा साठ-सत्तर अंशांपर्यंत सहज तापतो; तिथे मिश्र मेण मऊ पडते, त्यावर धूळ बसते. सीलंटची चमक काचेसारखी, थोडी थंड. पण त्याचा थर पृष्ठभागाला अधिक घट्ट धरतो, उष्णता आणि साबण अधिक सोसतो, आणि चार ते सहा महिने काम देतो. सिरॅमिक कोटिंग त्याहून टिकाऊ, वर्षानुवर्षांच्या हिशेबाचे. परंतु त्याला कारागीर लागतो, दहा-पंधरा हजारांपासून पुढे खर्च येतो, आणि ज्या गाडीचा रंगच झिजलेला आहे तिच्यावर तो खर्च शहाणपणाचा नाही. सावलीत उभ्या राहणाऱ्या, महिन्यातून एकदा हौसेने पुसल्या जाणाऱ्या गाडीला मेण चांगले. यार्डाच्या उन्हात दिवसभर उभ्या राहणाऱ्या या गाडीला वर्षातून दोनदा सीलंट, हेच योग्य.

निर्णय ठरला. मेणाचा डबा मुलाने पुण्यातल्या मित्राला देऊन टाकला. परंतु खरी परीक्षा पुढेच होती.

गाडी पुसण्यासाठी अण्णांजवळ एक पिवळसर, मऊ कापड होते. एका मोठ्या ग्राहकाने परदेशातून आणून ते भेट दिले होते. पाणी चटकन टिपून घेई आणि एक धागा मागे सोडत नसे. मिरजेच्या फेऱ्यांच्या काळात रोज पहाटे अण्णा त्याच कापडाने गाडीच्या काचा पुसत. कामाचे सामान जमवताना मुलाने ते हातात घेतले, उलटून पाहिले, आणि तो थबकला. कोपऱ्यातली जुनी चिठ्ठी त्याने वाचली. ते कापड नव्हते. शॅमॉय होते, मेंढीचे कातडे, माशाच्या तेलात कमावलेले. बाजारात याच नावाने कृत्रिम कापडही मिळते, पण हे अस्सल होते.

सांगावे की न सांगावे, हा प्रश्न त्याला पडला. मेणाच्या डब्यावरून झालेला अपमान अजून पुरता विसरला नव्हता. उत्तर द्यायला याहून चांगली संधी मिळाली नसती. त्याने ते कातडे अण्णांच्या हातात दिले आणि हलक्या आवाजात एवढेच म्हणाला, "अण्णा, यावरचं जरा वाचता का?"

अण्णांनी भिंग लावून वाचले. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "याच्याच जोरावर मी तुला शिकवत होतो."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"विचारायला हवं होतं. डबा तू आणलास म्हणून भिंग लावलं. हे मोठ्या माणसानं दिलं म्हणून लावलं नाही."

ती चूक मुलाची नव्हती, म्हणून त्याला ती आनंदाने मोजता आली असती. पण त्याला तसे वाटले नाही. त्या कातड्याशी वडिलांच्या कोणत्या पहाटा जोडलेल्या आहेत हे तो जाणत होता. दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी सहा मायक्रोफायबरची कापडे आणली, आणि जुने कातडे गाडीच्या सामानातून निघाले. अण्णांनी ते कुठे ठेवले हे कोणी विचारले नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी घराच्या मागच्या शेडखाली काम सुरू झाले. पत्रा गार असताना आणि सावलीतच हे काम करायचे असते, म्हणून सकाळी सातलाच आरंभ केला. नळीने पाणी सोडण्याऐवजी दोन बादल्या घेतल्या: एक साबणाच्या पाण्याची, दुसरी हातातला मऊ मोजा खळबळून घेण्याची, म्हणजे निघालेली वाळू पुन्हा रंगावर फिरत नाही. कपडे किंवा भांडी धुण्याचा साबण नव्हे, तर गाडीसाठीचा सौम्य साबण वापरला. पाणी ओतण्याआधी अण्णांनी उतारावरून मुंग्यांची रांग जात नाही ना, हे पाहून घेतले. मग चिकणमातीसारख्या मऊ क्ले बारने, पृष्ठभाग ओला ठेवून, रुतून बसलेली काजळी आणि लोखंडी कण ओढून काढले. अण्णा पत्र्यावरून बोटे फिरवत राहिले. खरखर जाऊन काचेचा स्पर्श आला तेव्हा त्यांनीच "झालं" म्हटले. हळकुंडावरून बोटे फिरवून माल ओळखणाऱ्या हाताला इथे यंत्राची गरज पडली नाही.

बॉनेटवरच्या जाळ्यांना मुलाने हात लावला नाही. आता तिथे घासण्याइतका थर उरलेला नव्हता. रेषा राहू देणे आणि रंग राखणे हेच शहाणपण. पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने सारा पृष्ठभाग पुसून तेलकटपणा काढला, कारण सीलंटला धरायला स्वच्छ रंग लागतो; म्हणूनच जुन्या मेणावर सीलंट बसत नाही. मेण हवेच असेल तर ते सीलंट वाळल्यावर त्याच्या वरून लावावे, उलट कधीही नाही. मग एकेका भागावर रुपयाच्या नाण्याएवढे द्रव्य घेऊन ते शक्य तितके पातळ पसरले. जाड थराने राखण वाढत नाही, पुसण्याचे कष्ट मात्र वाढतात. वीस मिनिटांनी त्याचे धुके झाले की कोरड्या कापडाने पुसून काढायचे. मुलाने लावायचे आणि अण्णांनी पुसायचे, अशी वाटणी आपोआप पडली.

दुसरा हात मारायला तिसरा प्रहर झाला. मुलाचा विचार दिवा लावून रात्री उरकण्याचा होता. अण्णा म्हणाले, "सूर्यास्ताआधी संपवायचं. दिवा लावलास की किडे येतील आणि ओल्या थराला चिकटतील. त्यांचाही जीव जाईल आणि तुझाही लेप बिघडेल." मुलाने हसून मान डोलावली. जेवणाचा नियम गाडीला लागू पडलेला त्याने प्रथमच पाहिला होता, आणि तो कामाच्या दृष्टीनेही बरोबर होता. सहा वाजता काम संपले. रात्रभर गाडी शेडमध्ये कोरडी ठेवली, कारण थर पक्का व्हायला बारा ते चोवीस तास पाणी लागता कामा नये.

टपावरचा पांढरा डाग तसाच राहिला. गेलेला थर कोणत्याही मेणाने किंवा लेपाने परत येत नाही. जे उरले आहे तेवढेच राखता येते. तो भाग पुन्हा रंगवून घेऊ, असे मुलाने सुचविले. अण्णा म्हणाले, "राहू दे. बाकीचं जपू." मुलाने पुन्हा विचारले नाही.

मे महिन्यात वळवाचा पहिला पाऊस झाला. पेढीच्या दारात उभ्या असलेल्या गाडीवर पाणी पसरले नाही. मण्यांसारखे गोळा होऊन घरंगळले. मुलाने आत येऊन अण्णांना बोलावले. दोघे पायरीवर उभे राहून बराच वेळ पाहत होते. अण्णांनी मागच्या डाव्या दाराकडे पाहिले. ती बसायची ती जागा. मग ते म्हणाले, "तिला आवडलं असतं," आणि आत येऊन हिशेबाला बसले.

दिवाळीपूर्वी वॉशिंग सेंटरचा माणूस नेहमीप्रमाणे विचारायला आला. अण्णांनी त्याला चहा दिला, दिवाळीही दिली, पण पॉलिश नको म्हणून सांगितले. आदल्याच रविवारी बापलेकांनी सीलंटचा दुसरा फेरा उरकला होता. पेढीच्या रोजकीर्दीत दहा वर्षे या सुमारास 'गाडी पॉलिश' या नावाने रक्कम पडत असे. या वर्षी त्या ठिकाणी मुलाच्या अक्षरात 'गाडी राखण' असे लिहिले होते, आणि समोरची रक्कम पूर्वीच्या चौथ्या हिश्शाएवढीही नव्हती. अण्णांनी ती ओळ वाचली, खाली बेरीज तपासली, आणि वही मिटून मुलाकडे दिली.